हौद्याखालचा माणूस

वेल्डिंग करणाऱ्याला वेल्डिंग सोडून काहीच दिसत नाही. घरी आलेल्या पाहुण्यांना हे सांगितलं तर पटत नाही, कारण त्यांनी रस्त्यावरून जाताना पाहिलेलं असतं तेव्हा सगळं लख्ख उजळलेलं असतं. पण तोंडासमोर काळी काच आली की त्या उजेडाचं नखाएवढं टोक तेवढं उरतं. बाकी आपले पाय, दुकान, समोरचा माणूस, सगळं नाहीसं होतं. आणि पिकअपच्या हौद्यात गुडघे टेकून बसलं असताना त्याच पत्र्याच्या खालच्या अंगाला काय चाललंय, हे तर अजिबात कळत नाही. वर उडणाऱ्या ठिणग्या सगळे बघतात. मला खाली पडणाऱ्यांची भीती वाटते.

म्हणून आमच्याकडे हौद्याचं काम निघालं की एक माणूस गाडीखाली बसतो. सगळीकडे असं करतात असं नाही, ही बाबांची पद्धत. खाली बसणाऱ्याजवळ पाण्याची बादली, एक ओलं गोणपाट आणि एक पान्हा. वरच्याने टाका मारून थांबायचं. खालच्याने बघायचं, कुठे रंग पेटलाय का, वायर तापलीय का, आणि मग पान्ह्याने चासीवर दोनदा ठोकायचं. दोन ठोके म्हणजे सगळं ठीक. एकच ठोका आला तर हात जागच्या जागी थांबवायचा. ठोका आलाच नाही तर काय करायचं, हे बाबांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

गेली काही वर्षं वर मी असते आणि खाली बाबा.

आमचं दुकान बडोद्यात, गोरव्याला आहे. तीन बाजूंनी भिंत, वर पत्रा, पुढे उघडं. बाबांनी उभं आयुष्य तिथे टेम्पो-पिकअपचे हौदे जोडण्यात घालवलं. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना वेल्डिंगच्या उजेडाकडे बघायचं नाही असं सांगितलं. मी तेव्हा बी.कॉम. संपवून एका ऑफिसात लागले होते. कॉलेजात असताना सुट्टीत बाबांकडून वेल्डिंग शिकले होते, ते केवळ आवडलं म्हणून. ऑफिसात दिवसभर बोलावं लागायचं. माझी शाळा इंग्रजी, दुकान गुजराती, घर मराठी, आणि तिन्हीकडे मी कमीच बोलते. काळ्या काचेमागे कोणी बोलायला येत नाही. मी नोकरी सोडली, आणि मांजलपूरच्या घरून रोज सकाळी मी पुढे आणि बाबा मागे, असे आम्ही स्कूटरवरून गोरव्याला जाऊ लागलो.

आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. ते काय लढले हे घरात कोणालाही नक्की माहीत नाही, पण त्यामुळे आमच्या घरात घाबरायची सोय नाही. लहानपणी मी अंधाराला, कुत्र्यांना, नव्या बाईंना, सगळ्याला घाबरायचे. बाबा म्हणायचे, "वृंदा, आपण शिपाईगडी. भ्यायचं नसतं." मी मान हलवायचे आणि मनातल्या मनात घाबरायचे. अजूनही रोज मशीन चालू करताना मी घाबरतेच. हे मी बाबांना कधी बोलले नाही.

आता कामाबद्दल थोडं. हौदा गंजतो तो वरून दिसतो त्याच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. नाण्याएवढं भोक दिसलं तर आजूबाजूचा ताटाएवढा पत्रा संपलेला समजायचा. हातोडीने वाजवत जायचं. चांगला पत्रा खणखणतो, खाल्लेला बद्द वाजतो. आवाज खणखणीत होईपर्यंत मागे जायचं, तिथे खडूने रेघ मारायची आणि तेवढं कापून काढायचं. मग नव्या पत्र्याचं ठिगळ. त्याचे कोपरे गोल ठेवायचे, टोकदार कोपऱ्यातून चीर जाते. ते सलग जोडत गेलं तर पातळ पत्रा तापून पापडासारखा वाकडा होतो, म्हणून एक टाका इकडे, एक पार पलीकडे, मधे पत्र्याला निवू द्यायचं. शेवटी घासायचं आणि वरून-खालून रेड ऑक्साइड मारायचा. शिवणकाम येणाऱ्या बाईला हे लगेच कळेल. पुरुष गिऱ्हाइकांना समजावून सांगावं लागतं.

त्यांना बहुतेकदा हे नकोच असतं. "लांबी भरून रंग मारा ना," म्हणतात. लांबी म्हणजे भोक बुजवायची लुकण. एका दूधवाल्याने तर ठिगळ रंगवायचंच नाही असं सांगितलं. गाडीत त्याचा मेव्हणा भागीदार होता, आणि खर्च खरंच झालाय हे त्याला लांबून दिसायला हवं होतं. ती गाडी आजही गोरवा नाक्यावर दिसते, गायीसारखी ठिपक्याठिपक्यांची.

सगळ्यात वाईट म्हणजे डबल तळ. गंजलेला तळ काढायचा कंटाळा, म्हणून त्याच्यावर नवा जाड पत्रा अंथरतात आणि फक्त कडेने जोडून घेतात. दिसायला भक्कम. पण दोन पत्र्यांमधे फट राहते. हौद्यात जे सांडतं ते त्या फटीत उतरतं आणि तिथेच बसून राहतं.

हसमुखभाईंच्या पिकअपला डबल तळ होता.

हसमुखभाई मंडपवाले. नवरात्र तोंडावर आली होती, आणि बडोद्यात नवरात्रीच्या तोंडावर मंडपवाल्याला जेवायला वेळ नसतो. गाडी मागच्या मालकाकडून घेऊन त्यांना दोन पावसाळे झाले होते. मागच्या कडेला हौदा इतका खाल्ला गेला होता की फाळक्याची, म्हणजे मागच्या दाराची, बिजागरी लोंबत होती.

"मोटाभाई," ते बाबांना म्हणाले, "बे-चार थीगडां मारी आपो. काले सांजे जोईए. गरबो कांई मारी राह जोवानो छे?" उद्या संध्याकाळी गाडी हवी, गरबा काय माझी वाट बघणार आहे!

मी हातोडीने वाजवून पाहिलं. तळभर एकच आवाज, बद्द. मी बाबांना हळूच मराठीत म्हटलं, "वरचा पत्रा उघडायला पाहिजे. खालचा संपलाय."

"अगं, सणाचे दिवस," बाबा म्हणाले. "आत्ता कडेचं जोडून देऊ. दिवाळीनंतर उघडू. घाबरतेस काय एवढी?"

हसमुखभाईंना मराठी कळतं. ते हसले. "बेनने बीक बहु लागे!" ताईला फार भीती वाटते म्हणे.

मी कामाला लागले. बॅटरीची वायर सोडवली, डिझेलच्या टाकीवर ओलं पोतं टाकलं, मागचा कोपरा घासून उजळ केला. हसमुखभाई चहा सांगायला नाक्यावर गेले. बाबा बादली, गोणपाट आणि पान्हा घेऊन खाली सरकले. मी ठिगळ बसवून काच खाली घेतली आणि पहिला टाका मारला.

आवाज मोठा नव्हता. गॅसची शेगडी पेटवायला जरा उशीर झाला की होतो तसा, फुप्प. पण माझ्या गुडघ्यांखालचा पत्रा डब्याच्या झाकणासारखा वर उचलला गेला आणि परत बसला. मी काच वर केली. माझ्या गुडघ्याशेजारी एक बोल्टचं भोक होतं. त्यातून निळी ज्योत बाहेर आली, थोडी हलली आणि आत गेली.

मी ठोक्याची वाट पाहिली.

ठोका आला नाही. एकही नाही, दोनही नाहीत.

"बाबा," मी म्हटलं. मला वाटलं मी ओरडले. पण ते शेजारच्या लेथवाल्यालासुद्धा ऐकू गेलं नाही, म्हणजे मी नेहमीच्याच आवाजात म्हटलं असणार. मी हातोडीने हौद्यावर ठोकलं. खालून काही नाही. फाळक्यावरून उडी मारली तेव्हा मला बाबांचे बूट दिसले, टाचा जमिनीवर, चवडे वर. बूट हलत नव्हते. त्या बुटांकडे बघत मी किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही. मला वाकायचं नव्हतं. वाकलं की कळणार होतं.

मग बुटांच्या बाजूने आवाज आला, "पाणी दे की! बघत काय राहिलीस?"

बाबा उताणे पडून दोन्ही हातांनी गोणपाट वरच्या एका भोकावर दाबून धरत होते. पान्हा लांब घरंगळला होता. मी बादली ओतली. वाफ आली आणि तिच्यामागून एक गोडसर, डोक्यात जाणारा वास आला. बाबा सरकत बाहेर आले. चष्म्यावर काळे शिंतोडे होते आणि एका भुवईचे केस आखडले होते.

"ठोकलं का नाही तुम्ही?"

"दोन्ही हात गुंतले होते. ठोकणार कशाने?" ते उलट माझ्यावरच वैतागले. चष्मा सदऱ्याला पुसला. "तळाचा जुना रंग पेटला असणार. होतं असं. विझलंय आता. चल, पुढचा टाका मार."

मी मशीनची पिन काढली. वायर गुंडाळत बसले, म्हणजे हातांना काहीतरी काम राहील. रंग पेटला की काळा धूर येतो. निळी ज्योत येत नाही. हे बाबांनीच मला शिकवलं होतं.

मी परत हौद्यात चढले, या वेळी झाडू घेऊन. मंडपाच्या सुतळीचे तुकडे, तोरणातली वाळलेली आसोपालवाची पानं आणि धूळ झाडत गेले. खाली पत्र्यावर गंजाची वर्तुळं होती. पूर्ण गोल, सगळी एका मापाची, तीन-तीनच्या ओळीत, एकमेकांना चिकटून.

चहा घेऊन हसमुखभाई आले. "थयुं?"

झालं का, असं विचारत होते. मी खिशातून खडू काढला आणि पहिल्या वर्तुळावरून फिरवला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. मला बोलण्यापेक्षा हे सोपं जातं. हसमुखभाई हातात चहाची किटली धरून बघत राहिले. मी पुढची ओळ गिरवायला लागले तसे ते म्हणाले, "तपेलां, बेन. रसोडानो सामान पण जाय ने. तपेलांना डाघ."

"हां, पातेली असतील," बाबा लगेच म्हणाले. गिऱ्हाइकाला खोटं पाडणं बाबांना चोरी केल्यासारखं वाटतं.

लग्नाच्या स्वयंपाकाची पातेली एका मापाची नसतात. एक वरणाचं, एक भाताचं, एक त्याहून लहान. हे सगळं माझ्या डोक्यात नीट वाक्यात तयार होतं, पण तोंडातून येईना. मी खाली उतरले. गोणपाट बादलीत परत बुडवलं, थोडं पिळलं. जमिनीवरचा पान्हा उचलला. आणि दोन्ही वस्तू हसमुखभाईंपुढे धरल्या.

"आ शुं?" हे काय?

"तमे बेसो नीचे," मी म्हटलं. तुम्ही बसा खाली.

ते हसले. बाबांकडे बघून हसले, म्हणजे बाबाही हसतील. "मोटाभाई, दीकरी मजाक करे छे."

बाबा हसले नाहीत. एरवी मुलगी गिऱ्हाइकाशी अशी वागली तर त्यांनी मला तिथेच झापलं असतं. पण त्यांनी आखडलेल्या भुवईवरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि म्हणाले, "बेसो ने, हसमुखभाई. कशुं नथी तो बीक शानी?" काही नाहीच आहे तर भीती कसली?

गोणपाटातून पाणी ठिबकत होतं. माझा हात भरून आला तरी मी तो खाली केला नाही. हसमुखभाईंनी किटली खाली ठेवली, हात पुसले, पण गोणपाट घेतलं नाही. "माताजीना स..." एवढं म्हणाले आणि थांबले. देवीची शपथ त्यांच्या तोंडातून पुरी निघाली नाही. नवरात्रीला चार दिवस राहिलेले, आणि या माणसाला रोज तिच्याच मंडपात उभं राहायचं होतं.

मग हळू आवाजात सगळं आलं. लग्नसराई नसली की गाडी उभी राहते. म्हणून नंदेसरीच्या केमिकल कारखान्यांकडून पिंपं आणून ते भंगारवाल्याला पोचवायचे. "पण खाली ड्रम, मोटाभाई! एकदम खाली." रिकामे म्हणे.

"आत काय होतं?"

"लेबल काढेलुं होय. मने शुं खबर!"

बाबा टायरवर बसले. आमच्या धंद्यात भरलेल्या पिंपाला कोणी घाबरत नाही इतकं रिकाम्याला घाबरतात. भरलेलं पिंप माणूस नीट उभं करतो. रिकामं आडवं टाकतो, आणि तळाशी राहिलेलं पेलाभर काहीतरी ठिबकत राहतं. वास मात्र सगळ्या पिंपाएवढा, आणि ठिणगीने पेटतो तो वासच. बाबांनी रिकाम्या पिंपाला आयुष्यात कधी वेल्डिंगची ज्योत लावली नव्हती, कोणी कितीही गयावया केली तरी. आणि आज ते एका मोठ्या, चपट्या पिंपाखाली उताणे पडले होते.

ते मोठ्याने बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "हसमुखभाई, हुं नीचे हतो." मी खाली होतो.

हसमुखभाईंनी मान खाली घातली.

भीती तिथे संपली नाही, खरी तिथे सुरू झाली. फटीत काय आहे हे तिघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. बाबांच्या ओळखीचे एक गृहस्थ केमिकल कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यांना फोन केला. ते म्हणाले, गाडी चालू करू नका, ढकलून मोकळ्यावर न्या. पाणी सोडा, भरपूर पाणी. ग्राइंडरला हात लावू नका. आम्ही तिघांनी आणि लेथवाल्याने मिळून गाडी मागच्या मोकळ्या जागेत ढकलली. पाइप लावला. एका बाजूच्या भोकातून पाणी आत आणि दुसऱ्या बाजूने तपकिरी, तवंग असलेलं पाणी बाहेर. पुढे एक खड्डा खणून त्यात ते धरलं, गटारात जाऊ दिलं नाही. तो वास दोन दिवस माझ्या केसांत होता.

कडेचे जोड आम्ही छिन्नीने तोडले, पाण्याची धार त्यावर धरून, म्हणजे ठिणगी उडायला नको. धार हसमुखभाईंनी धरली. गरब्याच्या कामाला त्यांनी दुसऱ्याचा टेम्पो घेतला, पण स्वतः रोज थोडा वेळ येत राहिले, सांगितलं नव्हतं तरी. छिन्नीवर प्रत्येक घाव घालताना मी डोळे मिटायचे. छिन्नी चालवणाऱ्याने डोळे मिटू नयेत हे मलाही कळतं.

वरचा पत्रा निघाला तेव्हा खाली जुना तळ असा नव्हताच. गंजाचे पापुद्रे होते, हाताने उचलता येणारे. तळाला आडवा आधार देणारा लोखंडी चॅनल असतो, त्यात माझी करंगळी आरपार गेली.

"यावर तुमची माणसं बसून जातात?" मी विचारलं. गुजरातीत, आणि यावेळी सरळ त्यांना.

"वांसडा पर बेसे," ते म्हणाले. बांबूंवर बसतात. मग त्यांनीही बोट त्या भोकात घालून पाहिलं आणि काढून घेतलं, विस्तवातून काढावं तसं.

सगळं खरवडून, साबणाने धुऊन, हौदा कितीतरी दिवस उन्हात उघडा ठेवला. दसरा झाला, शरद पौर्णिमा झाली. शेवटी फट अशी उरलीच नव्हती. दोन्ही बाजूंनी बोट फिरवता येईल असं लोखंड तेवढं होतं, आणि त्याला लोखंडाचाच वास येत होता. तरी मी अजून एक दिवस थांबू म्हटलं. बाबा या वेळी घाबरतेस काय असं म्हणाले नाहीत. ते त्या दिवसापासून हे वाक्य म्हणालेलेच नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला त्यावाचून चुकल्या-चुकल्यासारखं होतं. ते वाक्य गेलं तेव्हा बाबा थोडे म्हातारे झाले.

वेल्डिंगच्या दिवशी मी नवे चॅनल बसवले, पत्रे मापाने कापून कोपरे गोल केले. मशीनला पिन लावली. ती नीट बसलीय का ते दोनदा बघितलं. बाबांनी सवयीने बादली उचलली, गोणपाट खांद्यावर टाकलं आणि वाकायला लागले.

"बाबा, तुम्ही नको."

"मग कोण? लेथवाला?"

मला फक्त ते बूट परत तसे बघायचे नव्हते. बाबा कमरेवर हात ठेवून उभे राहिले. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते मला दिसत होतं, आणि तरीही मी बाजूला झाले नाही.

हसमुखभाई दुकानाच्या तोंडाशी उभे होते. पांढरा स्वच्छ शर्ट घालून आले होते, त्या दिवशी गाडी मिळणार म्हणून. त्यांनी बाह्या वर केल्या.

"लावो, मोटाभाई," ते म्हणाले आणि बाबांच्या खांद्यावरचं गोणपाट उचललं. "केटला ठोका?" किती ठोके?

"बे. बरोबर होय तो बे," बाबा म्हणाले. "अने एक..."

"एक नहीं आवे," हसमुखभाई म्हणाले. मग वाकता वाकता, "आवे तो हुं जोर थी मारीश." आलाच तर जोरात मारेन.

ते पांढऱ्या शर्टासकट खाली सरकले. बाबा खुर्ची ओढून दुकानाच्या तोंडाशी बसले, लांब, उजेडाकडे पाठ करून. मी हौद्यात गुडघे टेकले, काच खाली घेतली आणि टाका मारला. थांबले.

काळ्या काचेमागे काही दिसत नाही. फक्त ऐकायचं असतं.

खालून ठोके आले, पण दोन नव्हते. टक-टक-टकटकटक. पान्हा चासीवर नुसता कडकडत होता. धरणाऱ्याचा हात थरथरत असला की होतो तसा आवाज. मग एक मोठा श्वास ऐकू आला, आणि मग नीट मोजून, वेगळे वेगळे, दोन ठोके.

बाबा लांबून हसले. "घाबरलाय गं तो."

"घाबरलेलाच पाहिजे," मी म्हटलं आणि पुढचा टाका मारला.